कल्पना : तपासता आली नाही

रणपिसेसाहेबांच्या हातात कुठलंही चित्र दिलं की ते आधी पालथं करायचे. समोरून बघायचंच नाही. कागद उलटा धरून त्याच्या पाठीवरून उजव्या हाताचा अंगठा हळूहळू फिरवायचे, मग तो तिरपा करून खिडकीच्या उजेडात न्यायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर सुलटा करून विचारायचे, "कुणी काढलंय?" आपण ऐटीत "मी" म्हणावं, तर ते नुसतं "बरं" म्हणायचे. त्या "बरं"मध्ये विश्वासाचा कणही नसायचा. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा या "बरं"नेच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. ती पुढे तेरा वर्षं उतरली नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात ऑफिसर होते. मशीनचे सुटे भाग तयार होऊन यायचे, ते मोजायचे आणि पास करायचे नाहीतर परत पाठवायचे, हे त्यांचं काम. काटकुळा माणूस, शर्टाच्या खिशात भिंग, आणि समोरचा काहीही बोलत असला तरी नजर त्याच्या बोटांकडे. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत शोकेसवर बुद्धाची पितळी मूर्ती, आणि बाकी पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे, जिथे बघावं तिथे चित्रांचे गठ्ठे. त्यातलं एकही चित्र त्यांचं स्वतःचं नव्हतं.

हा माणूस दर जानेवारीत दोन दिवसांचा महोत्सव भरवायचा. फक्त हलत्या चित्रांचा. 'कार्टून' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एकेक चित्र हाताने काढायचं, कॅमेऱ्याखाली ठेवून टिपायचं, अशी शेकडो चित्रं झाली की दोन-तीन मिनिटांची फिल्म होते. अशा फिल्मा घरी बसून, नोकरी सांभाळून करणारी माणसं आमच्या भागात होती, हे रणपिसेंनी शोधून काढेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेचा हॉल, भाड्याने आणलेला सोळा एमेमचा प्रोजेक्टर, शे-दीडशे खुर्च्या. बक्षीस नाही, हार नाही, पाहुण्यांचं भाषण नाही. मिळायचं ते एक टाइप केलेलं सर्टिफिकेट : 'चित्रे तपासली. काम यांचेच आहे.' खाली सही आणि 'तपासले' असा जांभळा शिक्का.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोण मरतं? आम्ही मरत होतो. मी उल्हासनगर कॅम्प पाचचा. त्या काळी मुंबईत उल्हासनगरचा म्हटलं की समोरचा आधी हसायचा, कारण उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेट असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सरळ धंदा करणारे शेकडो लोक तिथे होते, पण थट्टा सगळ्यांच्याच वाट्याला यायची. मला तर त्यावर तोंड उघडायची सोय नव्हती. मी लच्छूशेठच्या दुकानात लेबलं काढायचो. गिऱ्हाईक एखाद्या नामांकित पावडरचा डबा आणून टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "सेम टू सेम." मी सेम टू सेम काढायचो, नावातलं फक्त एक अक्षर बदलायचो. जाहिरातींच्या फिल्मा करणाऱ्या मुंबईच्या एका स्टुडिओत मी चित्रं घेऊन दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा पत्ता वाचून तिथल्या माणसाने विचारलं, "छान आहेत. ओरिजिनल कुणाची?"

त्याच स्टुडिओत रणपिसेंचा शिक्का चालायचा. बदलापूरच्या शिरगावातला पाटकर म्हणून एक पोस्टातला कारकून होता. तो मातीच्या बाहुल्या करून त्या इंच-इंच सरकवत फिल्म करायचा. त्याच्या मोडक्या बाहुल्यांची पिशवी रणपिसेंनी टेबलावर ओतली, एकेकीचं डोकं उचकटून आतली तार पाहिली, वर मातीचा वास घेतला आणि शिक्का मारला. वर्षभरात पाटकर पोस्ट सोडून स्टुडिओत. असे चार-पाच जण तरी त्यांनी मार्गाला लावले होते.

"आधी संशय, मग चहा," असं ते उघड म्हणायचे. आणि ते अक्षरशः खरं होतं. त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, आतून विचारायच्या, "झालं का तपासून? आधण ठेवू का?" आणि साहेब म्हणायचे, "थांब. अजून माणूस होल्डवर आहे." पास, रिजेक्ट, रिवर्क आणि होल्ड, या चार शब्दांत त्यांचं सगळं जग बसायचं. भाजीवालीच्या काट्यापासून जावयाच्या स्थळापर्यंत.

या संशयाला एक निमित्त घडलं होतं. पहिल्याच वर्षी मुंबईचा एक गुळगुळीत बोलणारा गृहस्थ अशी काही फिल्म घेऊन आला की हॉल उभा राहिला. महिनाभराने कळलं की ती परदेशातली होती. पठ्ठ्याने सुरुवातीची नावं कापून स्वतःचं नाव चिकटवलं होतं. रणपिसेंनी त्यानंतर नियमच केला. महोत्सवाच्या आधी पंधरा दिवस सगळी चित्रं त्यांच्या घरी जमा करायची. आणि हॉलमध्ये प्रत्येक फिल्म दाखवण्याआधी ते स्टेजवर उभे राहून एक नंबर पुकारायचे. फिल्म करणाऱ्याने गठ्ठ्यातून त्या नंबरचं चित्र काढायचं, खाली ट्यूब लावलेल्या काचेवर ठेवायचं आणि सगळ्यांदेखत त्याच्या पुढचं चित्र काढून दाखवायचं. जमलं तर फिल्म, नाहीतर रीळ डब्यात. खरं सांगायचं तर लोक फिल्मांपेक्षा यालाच गर्दी करायचे.

आता माझ्या फिल्मकडे येतो. आमच्या कॉलनीत नळाला नंबर माणसाने नाही, भांड्याने लावायचा. सकाळी हंडा, कळशी, तुपाचा रिकामा डबा, जे असेल ते रांगेत ठेवायचं आणि घरी जाऊन कामाला लागायचं. पाणी आलं की धावायचं. एकदा मी आणि ताई गॅलरीत उभे होतो. ताई म्हणजे सुनंदा, माझी मोठी बहीण. ती घरबसल्या भरतकामवाल्यांसाठी खाके काढायची, म्हणजे साडीवर उठवायची नक्षी कागदावर. खाली भांड्यांची रांग बघत ती सहज म्हणाली, "माणसं घरात गेली की ही आपसात भांडत असतील बघ. तो डबा सारखा पुढे सरकत असेल आणि तांब्याचा हंडा त्याला कमरेने ढकलत असेल." एवढंच. माझी फिल्म तिथे झाली. म्हणजे, तिची फिल्म तिथे झाली.

दीड वर्ष आम्ही ती केली. मी मुख्य चित्रं काढायचो : हंडा उचललेला, हंडा टेकलेला. मधली सगळी चित्रं ताई काढायची, आणि हंडा चालतो तो त्या मधल्या चित्रांतच. "रिकामा हंडा गळ्यातून हलतो आणि भरलेला कमरेतून, तुला कधी पाणी भरायला लागलं नाही म्हणून तुला कळत नाही," असं ती मला सुनवायची. सगळं झाल्यावर सुरुवातीची पाटी लिहायची वेळ आली. मी लिहिलं : कल्पना, चित्रे, दिग्दर्शन, आणि पुढे माझं नाव. ताईने वाचलं. मग शाई वाळायला पाटी खिडकीत ठेवली. मी तिला काही विचारलं नाही. त्या वर्षी स्टुडिओच्या मॅडम स्वतः महोत्सवाला येणार आणि एक माणूस निवडणार, अशी पक्की बातमी होती. एका जागेसाठी दोन नावं कशाला, असा मी हिशोब केला. वर स्वतःची समजूतही घातली की अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मुलीचं नाव असं पडद्यावर आलेलं आवडणार नाही. अण्णांना मी विचारलं नव्हतं.

गठ्ठा घेऊन गेलो. रणपिसेंनी पहिलं चित्र पालथं केलं, दुसरं केलं, असं करत पंचवीस-तीस केली. मग चष्मा काढून म्हणाले, "विलासराव, यात दोन हात आहेत."

"नाही साहेब. सगळी मीच काढलीत."

"एक हात प्रत्येक कोपऱ्यावर थांबतो आणि दाबतो. लेबलं काढणारा हात. तो तुमचा. दुसरा कुठेच थांबत नाही. माणूस खोटं बोलला तरी कागदाला ते जमत नाही हो."

"कधी मूड असतो, कधी नसतो, त्याने फरक पडतो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "होल्ड." त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पुढच्या रविवारी हा माणूस न सांगता आमच्या घरी. मी खिडकीतून पाहिलं. पटकन चित्रं काढायची काच पलंगाखाली ढकलली आणि ताईला सांगितलं, "विचारलं तर तू फक्त कागद रचून ठेवायचीस, एवढंच सांग." साहेब आले, अण्णांशी कारखान्याच्या बोनसवर बोलले, मधेच उठून म्हणाले, "ताई, जरा पाणी मिळेल का?" आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. पाणी प्यायला माणसाला किती वेळ लागतो? मला इकडे तासासारखी मिनिटं गेली. बाहेर आले, चपला घातल्या, निघाले. ताईला विचारलं तर म्हणाली, "काही नाही, खाक्याचा कागद कुठून आणता म्हणून विचारत होते."

मी खरंच घाबरलो होतो. आणि घाबरलेला माणूस किती खाली जातो ते मी तेव्हा पाहिलं. मी पाटकरला गाठून म्हटलं, "साहेब आपले गठ्ठे परत का देत नाहीत रे? कुणाला विकत तर नसतील?" पाटकर म्हणाला, "काय राव, काहीतरीच." पण तो मुळात पोस्टातला माणूस, आलेलं पुढे पोचवणं त्याच्या अंगात मुरलेलं. लच्छूशेठला सांगितलं तर तो म्हणाला, "साईं, जो सब पे शक करता है ना, उसपे पहले शक करने का." मला ते फार पटलं. मला तेव्हा जे सोयीचं ते सगळंच पटत होतं.

महोत्सवाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलो तर दाराशी दोन बाकं जोडलेली आणि त्यांवर सगळ्यांचे सगळे गठ्ठे, नावांच्या चिठ्ठ्या लावून. रणपिसे माइकवरून म्हणाले, "ज्यांचे असतील त्यांनी आपापले घेऊन जावेत. मी ते विकतो, अशी एक शंका आली आहे. मोजून घ्या. शंका आली की तपासावी, मनात ठेवू नये." माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी माझा गठ्ठा उचलला आणि खुर्चीत जाऊन बसलो. मागच्या रांगेत अण्णा आणि ताई, पुढच्या रांगेत स्टुडिओच्या मॅडम.

माझी पाळी आली. साहेबांनी नंबर पुकारला, "सहाशे बारा." मी गठ्ठ्यातून चित्र काढलं. भरलेला हंडा उजवीकडे झुकताना. ताईचं चित्र. मी काचेवर कागद ठेवला, पेन्सिल घेतली, पुढचं चित्र काढायला लागलो. सात-आठ वेळा खोडलं. साहेबांनी दोन्ही कागद एकाखाली एक धरून फडफडवून लोकांना दाखवले. माझा हंडा चालत नव्हता, घसरत होता. कुणीतरी हसलं. रणपिसेंनी माइक बाजूला ठेवला आणि मला एकट्याला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, "रिजेक्ट करायचं नाहीये मला. सांगा."

मी मागे पाहिलं. ताई खुर्चीत ताठ बसली होती. उठायची तिची तयारी नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर तिने जन्मभर नाहीच म्हटलं असतं. दीड वर्षाचं काम डब्यात जाणार, हे एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं. मी माइक घेतला आणि म्हणालो, "मधली चित्रं माझ्या बहिणीने काढलीत." हॉलमध्ये कुजबूज झाली. ताई स्टेजवर आली, पदर खोचला, आणि एका दमात सहाशे तेरा काढलं, न सांगता सहाशे चौदाही काढलं. साहेबांनी कागद फडफडवले. हंडा चालला. टाळ्या पडल्या, अण्णांनीही वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात रणपिसेंनी विचारलं, "आणि कल्पना कुणाची?"

मी म्हणालो, "माझी."

ताईने काचेवरचे कागद गोळा करायला घेतले. साहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले. फिल्म दाखवली. लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. संध्याकाळी सर्टिफिकेट हातात पडलं : 'चित्रे तपासली. मुख्य चित्रे विलास यांची, मधली चित्रे सुनंदा यांची. कल्पना : तपासता आली नाही.'

मी भडकलो. ही कुठली पद्धत झाली? कल्पना काय पालथी करून अंगठा फिरवायची वस्तू आहे? मी त्यांना तसं तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "म्हणूनच लिहिलंय. मला दाखवता येत नाही ते मी पास करत नाही. पण होल्ड म्हणजे रिजेक्ट नव्हे, विलासराव." मॅडमनी ती ओळ वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचे इन्स्पेक्टर मजेशीर आहेत." आणि त्यांनी एका जागेच्या दोन केल्या. मला कल्पना आणि मुख्य चित्रं करायच्या विभागात घेतलं, ताईला मधल्या चित्रांच्या. म्हणजे मी ठरवणार आणि ती काढणार.

ताई खूश होती, हे खोटं सांगणार नाही. घराबाहेर पडली, पगार आला, हाताखाली पुढे दहा-बारा मुली आल्या आणि सगळ्या तिला वचकून असायच्या. पण दुसऱ्यांच्या हत्ती-माकडांची मधली पावलं काढण्यात तिची तेरा वर्षं गेली. भांड्यांची फिल्म परदेशातल्या तीन-चार महोत्सवांना गेली. बोलावणं कल्पना ज्याची त्याला यायचं, म्हणून मी गेलो. तिकडे मला विचारायचे, हे कसं सुचलं? मी गॅलरीचं वर्णन करायचो. त्यात मी एकटा उभा असायचो. त्यानंतर तसली कल्पना मला पुन्हा सुचली नाही, हेही लिहून टाकतो.

आणि या सगळ्या वर्षांत रणपिसे भेटले की विचारायचे. अंबरनाथ स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत, पाटकरच्या मुलाच्या बारशात, दर जानेवारीत हॉलच्या दारात. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, आधी तेच, "कल्पना कुणाची, विलासराव?" मी "माझी" म्हणायचो. "बरं. होल्डवर आहे," म्हणून पुढे जायचे. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम चारचौघांत माझी खोड काढतो. लहानशा गावातला लहानसा अधिकारी, ज्यांना त्याने वर काढलं त्यांचं वर जाणं त्याला बघवत नाही. लोकांना मी असंच सांगायचो. ते दिसले की मी रस्ता बदलायला लागलो. एक-दोनदा तर महोत्सवालाही गेलो नाही, कामाचं निमित्त काढून.

शेवटी त्यांच्या छातीने दगा दिला. हॉस्पिटलात ठेवल्याचं कळलं तेव्हा मात्र जाणं भाग होतं. बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. त्यांच्याशी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "साहेबांनी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, आता डॉक्टरांवर घेतायत का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळेत होते तेव्हा चित्रकलेच्या परीक्षेत यांचा कागद मास्तरांनी उचलला. उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, हे तुमच्यातल्या पोराचं काम नाही, कुणाकडून काढून आणलंस? हे नुसते पेन्सिल मागत होते, म्हणत होते, द्या, पुन्हा काढून दाखवतो. दिली नाही. त्या दिवसापासून यांनी चित्र काढलं नाही." मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणून ते लोकांना स्टेजवर पेन्सिल देतात." मला तोंडात मारल्यासारखं झालं. आपण इतकी वर्षं त्या घरात जातो आणि हे एकदाही विचारलं नाही.

आत गेलो. नाकात नळी होती. माझ्याकडे पाहून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, आज तरी विचारणार नाहीत. त्यांनी विचारलं. दम लागत होता, तरी पूर्ण वाक्य बोलले, "कल्पना कुणाची, विलासराव?" आत्ताच वहिनींकडून सगळं ऐकून आलो होतो. ओठांपर्यंत आलं होतं. पण तेरा वर्षांची सवय जिभेला; ती माझ्या आधी बोलून गेली. "माझी, साहेब." त्यांनी डोळे मिटले. "बरं," म्हणाले. होल्ड म्हणाले नाहीत. हा मंगळवार. गुरुवारी ते गेले.

शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवली होती. त्यांनी पास केलेले सगळे आले होते, पाटकर तर हुंदके देत होता. मी ताईला बाहेर पायऱ्यांपाशी गाठलं. दोन रात्री झोप नव्हती. म्हटलं, "ताई, मी आज सभेत सांगणार आहे. भांडी तुझी होती म्हणून."

"मला काय सांगतोस? मला माहीत आहे," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "त्यांना सांगायचं होतंस."

"त्यांना काय, संशय होताच."

"संशय नव्हता रे. त्यांना ठाऊक होतं. त्या रविवारी घरी आले होते ना, तेव्हाच मी त्यांना सगळं सांगितलं. पाणी देता देता. हात माझा आणि कल्पनाही माझी, पण तुमच्या तोंडून यातलं काही जाऊ देऊ नका, भावाची स्टुडिओतली नोकरी हुकेल, म्हणून शपथ घातली."

मी विचारलं, "मग 'तपासता आली नाही' असं का लिहिलं त्यांनी?"

"तेच तर सांगून ठेवलं होतं त्यांनी मला. म्हणाले, ताई, शपथ घातलीत तर मी बोलणार नाही. पण विचारत राहीन. विलासरावांना सांगायला जागा ठेवीन."

कारखान्यात आणि कारखान्याबाहेर मिळून त्या माणसाने आयुष्यात हजारो कागदांवर सही केली असेल. त्यांतली एकच ओळ खोटी होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी लिहिली होती. मंगळवारी नाकात नळी असताना ते काही तपासत नव्हते. उत्तर त्यांना तेरा वर्षं पाठ होतं. मी चोर नाही एवढंच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी शेवटच्या वेळीही "माझी" म्हणालो.

आत माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो आणि भांड्यांची कल्पना माझ्या बहिणीची, सुनंदाची होती, एवढं एक वाक्य बोलून खाली आलो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. दीडशे माणसं ऐकत होती, आणि ज्यांनी ते ऐकायला तेरा वर्षं विचारलं, ते तिथे नव्हते.